मोडेन पण वाकणार नाही?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती!

"मोडेन पण वाकणार नाही" हे वाक्य आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. पण सेकंड इयरला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकताना लक्षात आलं, की हा गुण खडूचा आहे! खडू वाकत नाही, टक्कन मोडतो. माइल्ड स्टीलचं तसं नाही. मर्यादेत भार दिला तर ते जरासं वाकतं, ऊर्जा पोटात साठवतं आणि भार काढला की मूळ आकारात परत येतं. या गुणाला पुस्तकात 'रेझिलियन्स' म्हणतात. म्हणजे ज्याला काहीच होत नाही तो खंबीर, असं नाही. होतं, माणूस वाकतो, पण परत येतो.

हे पेपरात लिहून मार्क मिळाले. समजलं मात्र एम-थ्रीला केटी लागली तेव्हा. शाळेत गणितात कधी नव्वदच्या खाली न आलेली मी! त्या रात्री मेसला गेलेच नाही. दिवा बंद करून पडून राहिले. डोक्यात एकच, आपल्याला इंजिनिअरिंग जमणारच नाही. शेवटी भीत भीत घरी फोन लावला.

"बाबा, एम-थ्री गेला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

रूममेटने मेसच्या मावशींना सांगून ताट झाकून आणलं होतं. वरण गार झालं होतं, पण मी पोटभर जेवले.

मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक छान गोष्ट मांडली आहे. अपयश आलं की खचणारा माणूस मनाशी तीन गोष्टी बोलतो: हे कायमचं आहे, माझं सगळंच असं आहे आणि सगळा दोष माझाच आहे. माझंही तेच चाललं होतं. खरं तर गेला होता एक विषय. बाकीचे सुटले होते!

मग पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे "सगळं छान होईल" म्हणत बसायचं का? मुळीच नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला, ते आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना टीव्हीवर पाहिलंय. पुढच्या वेळी इस्रोने काय काय बिघडू शकतं हे आधी धरलं आणि तरीही यान उतरलं पाहिजे, अशी रचना केली. लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरण्याची जागा आधी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. मीही तेच केलं. पेपर पुन्हा सोडवून पाहिला, तर लाप्लास येत होतं, घोळ फक्त फुरियरमध्ये होता.

आता कृतज्ञता. "इतरांकडे बघ, त्यांना तर एवढंही मिळत नाही" हे ऐकलं की मला रागच येतो. ती कृतज्ञता नव्हे, ते तोंड बंद करणं झालं. २००५ साली सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांचं कारण लिहायचं. एवढ्यावर त्यांचा आनंद वाढलेला दिसला आणि तो फरक सहा महिन्यांनीही टिकून होता. मी करून पाहिलं. पहिल्या रात्री दोनच सुचल्या. पण कारण लिहिताना कळलं, की जवळजवळ प्रत्येक कारणात कोणीतरी माणूस आहे. झाकलेल्या ताटामागे रूममेट होती, मावशी होत्या.

एक धोक्याची सूचनाही पुस्तकातलीच. भार मर्यादेच्या आत असला, तरी तो पुन्हा पुन्हा पडत राहिला तर स्टीलसुद्धा तुटतं. त्याला 'फटीग' म्हणतात आणि त्याची चीर सुरुवातीला वरून दिसत नाही. सबमिशन, व्हायवा, प्लेसमेंट, घरची काळजी... एकेक भार छोटाच असतो. म्हणून शेजारच्या रूममधलं कोणी गप्प गप्प झालं, मेसला दिसेनासं झालं, तर दार वाजवा. सर आणि मॅडम, वर्गात मागे बसणाऱ्यांना तुम्हीही एकदा विचारा. आणि कोणाशीच बोलवत नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे: १४४१६. फोन मोफत आणि चोवीस तास. मदत मागणं म्हणजे हरणं नव्हे. पुलालासुद्धा खांब लागतातच की!

असो. माझी केटी पुढच्या परीक्षेत सुटली, ५२ मार्कांनी. पेढे मात्र ९५ पडल्यासारखे वाटले! पहिला मावशींना दिला.

आणि हो, हे वाचून झालं असेल तर शेजारच्या रूममध्ये डोकावून एवढंच विचारा, "जेवलीस का? जेवलास का?"