जोन्ससाहेबांची कुंडी

सर विल्यम जोन्स आपल्याला ठाऊक असतात ते ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे आणि संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणारे म्हणून. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातला हा न्यायाधीश फुलांच्या पाकळ्या आणि केसर तपासण्यातही रमायचा, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मला मात्र त्यांच्या भाषाशास्त्रापेक्षा एका छोट्या टिपणाचाच नाद बरीच वर्षे लागला आहे. १७९४ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात त्यांची निवडक हिंदुस्थानी वनस्पतींवरची टिपणे छापून आली. त्यांत वांडा हे ऑर्किड आहे. उंच आंब्या-बेलांवर ती राहते, पाने वरून खोलगट असल्याने दव धरून ठेवते आणि कुंडीत माती-पाण्यावाचून जगते, असे जोन्स सांगतात.

मातीचे म्हणणे खरे. पाण्याचे म्हणाल, तर साहेबांनी मे महिन्यातले लातूर पाहिलेले नव्हते.

ही आजची वांडा टेसेलाटा. त्याच १७९५ साली विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात तिचे चित्र आले, पण एपिडेंड्रम या नावाने. झाडावर राहणारी ऑर्किडे तेव्हा सरसकट त्याच खात्यावर टाकत. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी वांडा ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि जातीला रॉक्सबर्ग यांचे नाव दिले. ते टिकले नाही. आधीचे ‘टेसेलाटा’ नियमाने परत आले.

वैद्यांमधला तंटा याहून मोठा आणि जुना. वातावरच्या औषधांत चरकाने रास्नेला पहिला मान दिला, पण ती रास्ना नेमकी कोणती? बंगालच्या वैद्यांनी वांडाची मुळे धरली, दक्षिणेत कुलिंजन चालले, उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा. सरकारी आयुर्वेदिक फार्माकोपियाने शेवटी प्लुचियाच्या बाजूने कौल दिला. वांडाच्या दृष्टीने हे बरेच झाले, असे माझे मत. जी वनस्पती मुळांनीच झाडाला धरते आणि मुळांनीच पाणी पिते, तिची मुळे काढ्यात गेल्यावर मागे उरते काय?

मराठवाड्यातल्या वनस्पतींसाठी हात जातो तो व्ही. एन. नाईक यांच्या पुस्तकांकडे. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ चा, तर लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. त्यामुळे लातूरची झाडे शोधायची, तर उस्मानाबादच्या नावाचा ग्रंथ उघडावा लागतो. सबंध मराठवाड्यावरचे त्यांचे दोन खंड १९९८ मध्ये आले. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे साग-मोहाचे जंगल अजून आहे आणि वांडाचे घर तिथेच. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी, मग ऑर्किडाने बसावे कशावर? बांधावरचा गावरान आंबा तेवढा उरतो, आणि त्यावरही ती दिसली तर बांडगूळ समजून ओरबाडली जाते. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ही फक्त सालीला धरून असते.

बागेत लावायची तर खरबरीत सालीच्या झाडावर, काथ्याने बांधावी, खोडावर हलेल इतकी सैल नाही आणि करकचूनही नाही. कुंडीच हवी असेल तर कोळसा आणि विटांचे तुकडे. मुळांकडे नीट बघावे. कोरडी असताना वरचे आवरण पांढुरके दिसते, फवारा बसला की काही क्षणांत ते हिरवे होते. पुन्हा पांढरे झाल्याखेरीज पाणी द्यायचे नाही. जाड पाने दिवसा रंध्रे मिटून रात्री उघडतात, म्हणून आपल्या उन्हात टिकतात. बोअरचे क्षारांचे पाणी मात्र टाळावे, पावसाचे साठवलेले उत्तम. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा सल्ला देताना मला थोडे ओशाळायला होते. पण ऑर्किडाला हंडाभर लागत नाही, फवारणीपुरते पुरते. उन्हाळा सरताना फुले येतात, पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि जांभळट ओठ. वासही गोड.

जंगलातून रोप उपटून आणणे मला पटत नाही. त्याची गरजही नाही. ऑर्किडाचे बी धुळीसारखे, त्यात अन्नसाठा नाही, आणि निसर्गात बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही, हे नोएल बर्नार यांनी १८९९ पासूनच्या संशोधनातून दाखवले. बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर ते रुजवण्याची रीत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये मांडली. म्हणजे शंभर वर्षे जुनी पद्धत. अर्धापूरचा केळीवाला टिश्यू कल्चरची रोपे आज सहज लावतो. तशाच प्रयोगशाळेत, तशाच बाटल्यांत वांडाचे बी वाढवता येते. अडचण एवढीच, की केळीचा घड वर्षभरात हाती येतो आणि बियांपासून वाढवलेल्या वांडाच्या फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते.