सेवाभावाला लेखी चौकट हवी

स्वयंसेवकाने काय करायचे आणि संस्थेने त्याला काय द्यायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरवणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तसे न केल्यास नुकसान होते ते स्वयंसेवकाचे आणि ज्यांची सेवा करायची त्यांचे.

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडलगत, कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. केरळमधील सुप्रसिद्ध कोवलम निराळे. हे तमिळनाडूच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातले. २०२१ मध्ये येथील किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. सुट्टीच्या दिवशी शहरातून तरुणांचे गट येथे स्वच्छतेसाठी येतात. निवृत्तीनंतर अशाच एका गटाबरोबर मीही गेलो होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दोन तासांत गोण्यांची रांग लावली. छायाचित्रे निघाली, नाश्ता झाला. मग एक वृद्ध मच्छीमार आपले जाळे शोधत आला.

होड्यांच्या आडोशाला डागडुजीसाठी ठेवलेले त्याचे जाळे विद्यार्थ्यांनी कचरा समजून उचलले होते. गोणीत मावावे म्हणून ठिकठिकाणी कापलेही होते. त्यांच्या दृष्टीने ते फाटके प्लॅस्टिक होते, त्याच्या दृष्टीने पुढच्या महिन्याची कमाई. त्याच सकाळी एका विद्यार्थिनीचा तळहात फुटक्या बाटलीने चिरला होता. तिला दवाखान्यात कोणी न्यायचे आणि खर्च कोणी करायचा, यावर आयोजकांत कुजबुज सुरू झाली. ‘मुले स्वेच्छेने आली होती,’ असे एकाने म्हटले. ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही,’ असे मुले म्हणत होती. दोन्ही विधाने खरी होती, आणि अडचण नेमकी तीच होती.

कागद नव्हता असे मात्र नाही. येण्यापूर्वी प्रत्येकाने मोबाइलवर एक संमतिपत्र भरले होते: इजा झाल्यास जबाबदारी माझी. म्हणजे संस्थेने स्वतःच्या बचावाची तजवीज लेखी केली होती. काय उचलावे, कशाला हात लावू नये, कोणाला विचारावे आणि काही घडल्यास कोण धावून येईल, हे सारे तोंडी राहिले होते, किंवा कोणी बोललेच नव्हते.

कोवलमचाच एक जुना धडा

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या किनाऱ्यावर आणखी एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १७५२ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातील कोवलमचा किल्ला घेण्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर पाचशे नवखे शिपाई आणि इंग्लंडहून नुकतेच उतरलेले दोनशे रंगरूट होते. मेकॉलेने क्लाइव्हवरील निबंधात या फौजेचे वर्णन केले आहे. किल्ल्यातून आलेल्या एका गोळीने एक शिपाई पडताच बाकीचे पळत सुटले. तोफेच्या आवाजाने घाबरलेला एक पहारेकरी तर काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला. पुढे क्लाइव्हने त्याच माणसांना हळूहळू धोक्याची सवय लावली आणि किल्ला पडला. स्वयंसेवक म्हणजे शिपाई नव्हेत, हे मान्य. परंतु कोणत्या प्रसंगाला तोंड द्यायचे आहे हे न सांगता माणसांना पुढे केले, तर जे होते त्याचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अपेक्षा लिहून ठेवण्याची कल्पना आपल्याकडे परकीय नाही. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ स्थापन केली, तेव्हा सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा लेखी होत्या. देशहित सर्वांत आधी, वैयक्तिक लाभाची अपेक्षा नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण नाही, अशा त्या कडक अटी. त्यांतली एक प्रतिज्ञा मला विशेष महत्त्वाची वाटते. सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करू नये आणि संस्था त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करू शकेल तिच्यात समाधान मानावे, असे ती सांगते. त्याग मागणाऱ्या त्याच वाक्यात संस्थेनेही आपल्या शिरावर काय आहे ते मान्य केले होते. सदस्याला आधी पाच वर्षांच्या उमेदवारीतून जावे लागे. मद्रासचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री या संस्थेत आले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर तिचे अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी गांधीजींच्या प्रवेशाचा प्रश्न आला. त्यांच्या आणि संस्थेच्या कार्यपद्धतींत अंतर असल्याने सदस्यांत दुमत झाले. गांधीजींनी अर्ज मागे घेतला, स्नेह टिकला. अपेक्षा स्पष्ट असल्या की माणसे जोडली जातात असे नेहमीच होत नाही. पण न जुळणारी माणसे कटुता न येता वेगळी होऊ शकतात, हा लाभही लहान नाही.

करार नव्हे, पण कोरा कागदही नव्हे

‘लेखी’ म्हटले की संस्थाचालकांच्या डोळ्यांसमोर मुद्रांकाचा कागद आणि कामगार न्यायालय उभे राहते. ही भीती अनाठायी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २५ नुसार मोबदल्याविना केलेला करार, काही अपवाद वगळता, निरर्थक ठरतो. विनामोबदला काम करणाऱ्याशी केलेले साधे अपेक्षापत्र त्याला नोकर बनवत नाही. त्याने उद्या येणे थांबवले तर त्याच्यावर दावाही ठोकता येत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या मिड ससेक्स येथील केंद्रातील एका स्वयंसेविकेने, अपंगत्वामुळे आपल्याला काम थांबवायला सांगितले, अशी तक्रार केली होती. तिने सही केलेला कागद केवळ नैतिक बंधन मानणारा होता. तो नोकरीचा करार नाही असे त्यात नमूद होते. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की नोकरदारांना मिळणारे भेदभावविरोधी संरक्षण तिला लागू होत नाही. संस्था सुटली. पण स्वयंसेवकाला कायद्याचे छत्र नसेल, तर ज्या कागदावर तो सही करतो त्यातच तक्रारीचा मार्ग लिहिलेला असणे किती आवश्यक आहे, हेही या निकालाने दाखवून दिले.

आपल्याकडे स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही, परंतु तो पूर्णतः कायद्याबाहेरही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत स्वेच्छेने, मोबदल्याविना काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. किती संस्था आपल्या स्वयंसेविकांना हे सांगतात? उलट दिशेचेही उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. येथे अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची अंडी हलवणे हे परवानगीने आणि प्रशिक्षितांनीच करायचे काम. कुतूहलापोटी एखाद्या उत्साही तरुणाने घरटे उकरले, तर तो सेवा करत नसतो, गुन्हा करत असतो.

कासवांच्या वाटेवर

चेन्नईच्या कासव-संवर्धनातून या विषयावर बरेच शिकता येते. १९८८ पासून ‘स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क’ ही विद्यार्थ्यांची संघटना हंगामात रात्री किनाऱ्यावर पायी गस्त घालते आणि सापडलेली अंडी संरक्षित उबवणी केंद्रात नेते. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. हा आकडा जीवशास्त्राचा असला तरी मला तो व्यवस्थापनाचाही वाटतो. उत्साह एका रात्रीचा असू शकतो, जबाबदारी दोन महिन्यांची असते. परीक्षा आल्या म्हणून स्वयंसेवक मधेच गळाले तर अंड्यांची मुदत पुढे ढकलता येत नाही. ‘मी इतक्या रात्री येईन, येता आले नाही तर अमुक वेळेआधी अमुक व्यक्तीला कळवीन,’ हे वाक्य इथे औपचारिकता राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई-चेंगलपट्टूच्या किनाऱ्यावर शेकडो कासवे मृतावस्थेत आली, तेव्हा या कामात नियमित माणसांची किती गरज आहे हे साऱ्या देशाने पाहिले.

महाराष्ट्राचा अनुभवही पूरक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये कासव-संरक्षण सुरू केले आणि पुढे गावकऱ्यांनी ते आपलेसे केले. कोकणात आज या कामातील स्थानिकांना ‘कासवमित्र’ म्हणून ओळख आहे. कोण काय करतो हे नावानिशी ठरले की बाहेरून येणाऱ्या पाहुण्या स्वयंसेवकालाही आपली पायरी कळते: ऐकायचे कोणाचे आणि थांबायचे कुठे.

सरकारी योजनांतही चौकट आढळते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे, हे स्पष्ट आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत आपत्तीप्रसंगी मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्य आणि विमा यांची तरतूद आहे. शासन जे करू शकते ते एखादी छोटी संस्था पूर्णपणे करू शकणार नाही. पण आपल्याकडे विमा नाही, हे तरी ती आधी सांगू शकते.

एका पानात काय असावे?

आयुष्य फायलींत गेलेला माणूस आणखी एक कागद वाढवू पाहतो आहे, अशी टीका होईल. ती मी समजू शकतो. सेवेची ऊब नियमावलीने निवते, हा आक्षेपही निराधार नाही; म्हणूनच हा कागद एका पानापलीकडे जाऊ नये. काम कोणते आणि किती वेळाचे. कोणती गोष्ट करायची नाही. प्रशिक्षण कोण देणार. प्रवास, जेवण, हातमोजे यांचा खर्च कोणाचा. इजा झाल्यास काय. तक्रार कोणाकडे, आणि तक्रार त्याच व्यक्तीविरुद्ध असेल तर कोणाकडे. काम सोडायचे असल्यास किती दिवस आधी सांगावे. इतके पुरे. ते स्वयंसेवकाच्या भाषेत असावे आणि सही घेण्यापूर्वी मोठ्याने वाचले जावे. ज्या गावात काम करायचे तेथील माणसांनाही ते आधी दाखवावे. अपेक्षा केवळ दोन पक्षांच्या नसतात.

निती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर स्वयंसेवी संस्थांची नोंदणी होते. तेथे अशा पानाचा नमुना सर्व प्रमुख भाषांत उपलब्ध करून द्यावा. सक्ती नको, सक्तीचा नमुना आला की न वाचता सही होते. सामाजिक दायित्वाचा निधी देणाऱ्या कंपन्यांनी मात्र ‘तुमच्या स्वयंसेवकांना तुम्ही काय लिहून देता?’ एवढे अवश्य विचारावे.

अडथळा खरा आहे तो मनाचा. फुकट काम करणाऱ्याला अटी कशा सांगायच्या, असे संस्थेला वाटते. चांगल्या कामात खर्चाचे कसे विचारायचे, असे स्वयंसेवकाला वाटते. भीड ही भिकेची बहीण, असे मराठीत म्हणतात. कोवलममध्ये त्या भिडेची किंमत मच्छीमाराने मोजली, त्याने तर कोणाची सेवा मागितलीही नव्हती.

विद्यार्थ्यांनी नंतर वर्गणी काढून त्याला पैसे दिले. त्याने ते घेतले आणि एवढेच म्हटले, की पुढच्या वेळी उचलण्याआधी विचारा. पुढच्या मोहिमेपूर्वी त्या मुलांनी तमिळमध्ये एक पान तयार केले. जाळे, दोर किंवा तरंगा दिसल्यास हात लावण्यापूर्वी जवळच्या होडीवाल्याला विचारावे, ही त्यातली पहिली सूचना होती. जखमी झाल्यास कोणाला फोन करायचा, ही दुसरी. त्या फोन क्रमांकापुढे, प्रथमच, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याची सही होती.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत.)