मुठीचा जोर

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती आणि आमलीत चर्चच्या आवारात चार-पाच पोरे पंजा लढवीत बसली होती. कोपर बाकावर टेकवायचे, हातात हात गुंतवायचा आणि समोरच्याचा हात पालथा पाडायचा. हरणारा दर वेळी "हात घसरला" म्हणे. आमचे एक शेजारी काका हसत बघत उभे होते. पोरांनी त्यांनाही बसायचा आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "माझं काय घेता रे पोरांनो? हल्ली विळासुद्धा हातातून सुटतो. वय झालं." काकांचे वय पन्नाशीच्या आतले. विचारपूस केली तेव्हा कळले की उजव्या हाताची शेवटची दोन बोटे काही महिन्यांपासून झोपल्यासारखी वाटतात.

त्या दोन बोटांकडे आपण पुढे येऊच. आधी ज्याची पकड साऱ्या जगाने पाहिली अशा एका माणसाची ओळख करून घेऊ. मुठीचा जोर कशात असतो, हे त्याच्याकडे पाहिले की लवकर ध्यानात येते.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तेथे खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे, आणि वयाच्या पाचव्या वर्षापासून ते वडिलांबरोबर आखाड्यात उतरले. अंगकाठी लहान. आपल्या डोळ्यांसमोर पैलवान म्हटला की जे धिप्पाड रूप येते, तसे ते नव्हते. त्यांचे बळ चपळाईत आणि पकडीत होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या विळख्यात धरायची आणि त्याला अंगावरून फेकायचे. विळखा जरा सैल पडला तर समोरचा निसटतो आणि डाव आपल्यावरच उलटतो.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे त्यांना मातीऐवजी मॅटवर खेळावे लागले. ज्याने आखाडा पाहिला आहे त्याला यातला फरक सांगायला नको. आपली तांबडी माती ताक, लिंबू, हळद, तेल घालून मऊ केलेली असते. पैलवान ती तळहाताला चोळतो, समोरच्याच्या अंगावर टाकतो. घामाने अंग निसरडे झाले तरी मातीमुळे बोटांना धर मिळतो. मॅटवर ही सोय नाही. घामेजलेला दंड केवळ बोटांच्या जोरावर धरून ठेवायचा. अशा परक्या मैदानावर खाशाबा सर्वांत हलक्या वजनगटात सहावे आले.

पुढच्या ऑलिंपिकची तयारी त्यांनी कोल्हापूरला केली. पैशांची अडचण होतीच. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीला १९५२ च्या जुलै महिन्यात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पंधरा मिनिटांहून अधिक चाललेली झुंज झाली आणि तीत ते हरले. हेच इशी पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्यानंतर मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे राहावे लागले आणि ती कुस्तीही गेली.

ती अर्ध्या तासाची विश्रांती फार मोलाची असते. मूठ जोराने आवळली की कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी पोहोचते आणि हात भरून येतो. मूठ सोडून थोडा वेळ गेल्याशिवाय तो मोकळा होत नाही. ज्याने ओळीने भाताचे भारे बांधले आहेत, त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तरीही खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या आसपास बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मला स्वतःला पदकापेक्षा ही गोष्ट अधिक लक्षात राहिली आहे. १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले आणि १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

अशी पकड तयार कशी होते? तालमीत यासाठी वेगळे यंत्र नसते. पैलवान रोज फावड्याने हौद खणतो, दोरावर चढतो, मल्लखांब करतो, गदा फिरवतो. फावड्याचा दांडा, दोर, लाकडी खांब, गदेची मूठ, प्रत्येकाची जाडी निराळी आणि धरण्याची तऱ्हा निराळी. म्हणून हात सगळ्या बाजूंनी तयार होतो.

परदेशात तर केवळ मुठीच्या जोराच्या स्पर्धा होतात. स्प्रिंगचा चिमटा एका हाताने दाबून मिटवायचा असतो. त्यांपैकी एका प्रसिद्ध मालिकेतल्या चार नंबरच्या चिमट्याला सुमारे १६५ किलोचा जोर लागतो असे धरतात. तो रीतसर मिटवलेली माणसे जगात अगदी मोजकी, आणि त्यांतला एक आपल्यासारखाच शेतकरी आहे. स्वीडनचा मॅग्नस सॅम्युएलसन हा गाईगुरे पाळणारा गडी १९९८ साली जगातला सर्वांत बलवान पुरुष ठरला आणि २००४ मध्ये त्याने हा चिमटा मिटवला. इंग्लंडच्या थॉमस इंच यांचे जुने डंबेल आहे ७८ किलोचे. वजन फार वाटत नाही, पण त्याची मूठ सहा सेंटीमीटर जाड! बोटे पुरती वळत नाहीत आणि भलेभले हात टेकतात.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अवजाराची मूठ फार जाड असली की हात थकतो आणि फार बारीक असली तरी थकतो. साधारण साडेतीन ते चार सेंटीमीटर जाडी बहुतेक हातांना मानवते. विळ्याची मूठ बारीक असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्यावर घट्ट गुंडाळा. कापणीच्या दिवसांत फरक कळेल.

आता आपल्या हाताकडे बघू. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकवून मूठ आवळून पाहा, जोरच लागणार नाही. मनगट किंचित मागे ठेवून आवळा, मूठ घट्ट बसेल. मनगट वाकडे ठेवून दिवसभर कापणी केली तर दोऱ्या सुजतात. तसे झाल्यास काही दिवस हाताला विसावा द्यावा. दुखणाऱ्या हाताने चिमटे दाबून जोर वाढत नाही.

वयाप्रमाणे मूठ सैल होते हे खरे आहे, पण ते सहज सोडून देण्यासारखे नाही. भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांची पकड यंत्राने मोजून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पकड दर पाच किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड पुरुषाची २८ किलोंच्या आणि स्त्रीची १८ किलोंच्या खाली असेल तर ती कमी समजावी, असे आशियातील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवले आहे. मुठीवरून साऱ्या अंगाचे बळ कळते, म्हणून डॉक्टर ती मोजतात. म्हाताऱ्या माणसांना डाळ, अंडी, मासळी पोटभर मिळावी आणि झेपेल ती पाण्याची बादली त्यांनी स्वतः उचलावी. आपण प्रेमापोटी त्यांच्या हातातले सगळे काम काढून घेतो, तेही बरे नव्हे.

पण काकांची गोष्ट वयाची नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना बळ देणारी नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या मागून जाते. कोपर आपटले की झिणझिण्या येतात ती हीच. कुष्ठरोगाचे जंतू अनेकदा या नसेत घर करतात. चट्टा दिसो वा न दिसो, शेवटची दोन बोटे बधिर होतात, पकड ढिली पडते आणि पुढे बोटे वाकडी होतात. दादरा-नगर हवेलीचे नाव कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत अनेक वर्षे घेतले गेले आहे. म्हणूनच २०१५ पासून येथे रुग्णांच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना प्रतिबंधक औषधाचा एक डोस देण्याचा उपक्रम राबवला गेला. या रोगावरचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याची भीती लवकरच राहत नाही. मात्र नसेचे वेगळे आहे. बळ जाऊन सहा महिने उलटले नसतील तर औषधाने ते परत येण्याची चांगली आशा असते. त्यानंतर बहुधा उशीर होतो.

लाजेपोटी आणि "वय झालं" म्हणून हेच सहा महिने वाया जातात. बधिरपणा मधुमेहाने येतो, मनगटातली नस दाबली गेल्यानेही येतो; तेव्हा प्रत्येक बधिर बोट कुष्ठरोगाचेच असे कोणी समजू नये. निदान डॉक्टरांना करू द्यावे. काका सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात गेले. नस जाड झालेली सापडली आणि औषध सुरू झाले. यंदा कापणीला ते आले होते. करंगळी अजून पुरती वळत नाही, पण विळा धरतात.

घरी करण्याजोगी एक साधी परीक्षा सांगतो. बोटे सरळ ठेवून करंगळी आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये एक कागद धरा आणि घरातल्या कोणाला तरी तो ओढायला सांगा. मग दुसऱ्या हाताने तसेच करा. डोळे मिटून पेनच्या टोकाचा हलका स्पर्श दोन्ही करंगळ्यांवर करून घ्या. एका हातातून कागद सहज निसटत असेल, किंवा एका करंगळीला स्पर्श कळत नसेल, तर सोमवारीच दवाखाना गाठा.