संशोधनातील सॉफ्टवेअर आणि अधिछात्रवृत्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
संगणकाच्या साहाय्याविना पूर्ण होणारे संशोधन आज विरळाच. तथापि ज्या सूत्राने वा आज्ञावलीने निष्कर्ष हाती येतो, ती प्रबंधात क्वचितच आढळते. याचे परिणाम किती दूरगामी असतात हे कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या 2010 मधील लेखावरून दिसते. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांचा सरासरी वृद्धिदर उणे 0.1 टक्के असल्याचे त्यांनी मांडले होते. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या अमेरिकन विद्यार्थ्याने त्यांचे एक्सेल पत्रक मिळवून तपासले, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे आढळले. ही चूक, वगळलेली वर्षे आणि भारांकन दुरुस्त केल्यावर तोच दर 2.2 टक्के निघाला.

माझ्या एम.फिल. प्रबंधिकेतील एक सारणी आज मला स्वतःलाही पुन्हा तयार करता येत नाही, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

अधिछात्रवृत्तीचे स्वरूप :
ब्रिटनमध्ये 2010 साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटने संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती सुरू केली. रक्कम मोठी नसते. संशोधकाने आपल्याच विषयातील सहकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्याव्यात, आज्ञावली जतन करण्याच्या व तपासण्याच्या पद्धती रुजवाव्यात, अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखिकेच्या मते या योजनेचे खरे मोल पैशात नसून, अदृश्य राहणाऱ्या कामाला नाव मिळण्यात आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा उपक्रम म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' प्रकल्प. केंद्र शासनाच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्यास साहाय्य मिळाले. त्याच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांची निवड प्रत्यक्ष काम करवून घेऊन होते. पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे सायलॅब वा पायथनमध्ये लिहून देणाऱ्यांना मानधन देण्याची योजनाही त्यात आहे. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. आपल्या ग्रंथालयांतून त्यांचा उल्लेख फारसा ऐकू येत नाही, ही खेदाची बाब होय.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात :
आपल्या जिल्ह्यातील तलाव व धानशेतीच्या परिसरात सारस पक्ष्यांची गणना होते. समजा, एकच जोडी दोन ठिकाणी नोंदली गेली. ती एकदाच धरण्याचा निर्णय एखाद्या अभ्यासकाने पत्रकात हाताने ओळ पुसून घेतला, तर पुढील वर्षी दुसरा अभ्यासक तो निर्णय कसा जाणणार? संख्या घटली की नियम बदलला, हे सांगता येणार नाही. तोच नियम चार ओळींच्या आज्ञावलीत लिहून मूळ नोंदी जशाच्या तशा ठेवल्या, तर दोन वर्षांची तुलना शक्य होते.

असे काम शिक्षकाने का करावे, हा खरा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतील संशोधन गुणांकनाच्या तक्त्यात शोधनिबंध, ग्रंथ, पेटंट यांना गुण आहेत. राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार वा अधिछात्रवृत्तीस 5 गुण आहेत. संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला मात्र स्वतंत्र रकाना नाही. म्हणजे काम मोजले जात नाही, पण त्या कामासाठी मिळालेली अधिछात्रवृत्ती मोजली जाऊ शकते!

ही वाट लहान महाविद्यालयासही खुली आहे. वर्षाला एका शिक्षकास अल्प मानधन व आठवड्यातील दोन तासिकांची सवलत द्यावी. अट एवढीच, की मूळ नोंदी, आज्ञावली आणि ती चालविण्याची मराठीतील एक पानी सूचना ग्रंथालयात जमा करावी, आणि दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने ती चालवून तेच उत्तर मिळाल्याची सही करावी.