वेताळ: भुतांचा राजा की गावाचा राखणदार?

वेताळ म्हणजे कुणा मेलेल्या माणसाचं भूत, हा समज पक्का बसला आहे. मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस यांच्याबाबत ते खरं. माणूस मेल्यावर त्यांचा जन्म, असंच लोक सांगतात. वेताळाला असं पूर्वायुष्य नाही. संस्कृत कथांतला 'वेताल' मुळातच वेगळ्या योनीतला, दुसऱ्याच्या प्रेतात शिरून त्याला बोलतं करणारा. विक्रम-वेताळाच्या प्रसिद्ध गोष्टीत राजाच्या खांद्यावर प्रेत असतं. बोलतो तो वेताळ.

तो राजा उज्जैनचा विक्रमादित्य, हेही नंतरच्या पाठांतून रूढ झालं. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त तो त्रिविक्रमसेन आहे, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. प्रेत लटकतं तेही वडाला नाही, शिंशपाच्या झाडाला.

वेताळ दुष्टच, असं म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा शेवट पुन्हा वाचावा. क्षान्तिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ देतो, फळात रत्न दडवलेलं. विश्वास बसल्यावर तो राजाला स्मशानातून प्रेत आणायला धाडतो. बेत राजाचाच बळी देण्याचा. सावध करतो तो वेताळ: भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा तू म्हण, मला येत नाही, आधी करून दाखवा. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचं डोकं उडवतो. राजाचा जीव वाचवणाऱ्या या वेताळाला रिचर्ड बर्टनने 1870 च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच रक्तपिपासू 'व्हॅम्पायर' करून टाकलं, हा मला अन्याय वाटतो. गोष्टीत तो राजाच्या रक्ताचा थेंबही घेत नाही, कोडी घालतो.

(इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला वेताळ तर निराळाच; तो ली फॉकचा अमेरिकन फँटम.)

कोकणात हे नाव भीतीचं नाहीच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तो वेतोबा आहे, विठोबा-खंडोबासारखा 'बा' लावलेला. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात चपला झिजतात, ही श्रद्धा. म्हणून नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला घेऊन येतात. गोव्यात तोच बेताळ. आमोण्यात त्याचं देऊळ आहे, आणि सासष्टीतल्या बेताळभाटी गावाचं नावच त्याच्यावरून पडलं आहे.