रेडिफ, रॅडिफ आणि पत्त्यांची रांग

भिलाईच्या टाउनशिपमध्ये पत्ता म्हणजे सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर. पोलाद कारखान्यातल्या नोकरदाराला हुद्दा आणि सेवाज्येष्ठता बघून क्वार्टर मिळतं. त्यावरून कुरकुर होतेच, पण कुणाचा नंबर कुणाच्या आधी का लागला हे निदान विचारता तरी येतं. इंटरनेटवरच्या पत्त्यांची वाटणी सुरू झाली तेव्हा अशी यादीच नव्हती. जो आधी मागेल त्याचं नाव!

डॉट कॉमचं नाव सुरुवातीला फुकट मिळे. भार अमेरिकेची सरकारी विज्ञान संस्था उचलत असे. १४ सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी दोन वर्षांसाठी १०० डॉलर घेऊ लागली. भारतात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला, तेही मोजक्या महानगरांत. आपलं पान मांडलं गेलं आणि महिन्याभरात पंगतीला दर लागला.

‘आधी येईल त्याला’ हा नियम दिसायला सरळ, पण पहिला आलेला माणूस प्रामाणिकच असेल असं कुठे आहे? मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये हाच प्रश्न आला. रेडिफ डॉट कॉम हे संकेतस्थळ लोकांच्या ओळखीचं झालं होतं आणि सायबरबूथ नावाच्या व्यवसायाने ‘रॅडिफ’ नावाने पत्ता घेतला. फरक एका स्वराचा. आपलं नाव ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’, ‘फ्री’ यांची आद्याक्षरं जुळवून बनवल्याचा खुलासा प्रतिवादींनी केला. कल्पकतेला दाद द्यावी, पण न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं म्हणत न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया’ नावाच्या पत्त्याबाबत याहूच्या बाजूने तसाच हुकूम दिला होता.

भारताच्या डॉट इनची तऱ्हा नेमकी उलटी. त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. नियम कडक, कागदपत्रांची मागणी मोठी. नाव लुबाडणाऱ्यांना आळा बसला खरा, पण १९९२ ते २००४ या काळात नोंदणी झाली फक्त सुमारे ७,००० नावांची! देशाच्या नावाचा पत्ता सोडून बहुतेक जण डॉट कॉमकडे वळले.

२००५ मध्ये दार उघडलं, तेही टप्प्याटप्प्याने. १ ते २१ जानेवारी हे ‘सनराइज’चे दिवस ट्रेडमार्कवाल्यांसाठी राखीव होते, इतरांसाठी नोंदणी खुली झाली १६ फेब्रुवारीला. मोठ्या कंपन्यांना यात दिलासा होता. भिलाईच्या सुपेला बाजारातल्या दुकानदाराने वडिलांचं नाव पाटीवर वर्षानुवर्षे चालवलं असेल, पण ट्रेडमार्क नोंदवलेला नसेल, तर त्याची पाळी त्यानंतरच.

भांडण झालंच तर लवादाकडे जाण्याची सोयही त्याच सुमारास झाली. तिथेही गंमत एका शब्दाची आहे. डॉट कॉमसाठी लागू असलेल्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय धोरणानुसार नाव वाईट हेतूने नोंदवलं ‘आणि’ वापरलं, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. डॉट इनच्या धोरणात तिथे ‘किंवा’ आहे, म्हणजे तक्रारदाराला दोहोंपैकी एक दाखवलं तरी पुरतं. प्रामाणिकपणे घेतलेल्या नावावर पुढे वाकडा व्यवहार सुरू झाला, तर डॉट कॉमवाला कदाचित सुटेल, डॉट इनवाल्याच्या हातून नाव जाऊ शकेल.