साथीदाराचे स्वातंत्र्य

सकाळच्या लोकलने विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्यांना डब्यातली भजने नवी नाहीत. टाळ नसले तर डब्याच्या पत्र्यावर हात पडतो आणि गर्दीत अवघडून उभा राहिलेला कारकूनही नकळत पायाने ठेका धरतो. वसईच्या ख्रिस्ती लग्नघरांनाही बँड वाजल्याखेरीज शोभा येत नाही. अशा ह्या लयवेड्या मुलखातसुद्धा घरातला मुलगा ‘मी ड्रम शिकणार’ म्हणाला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. गाणारा तो कलावंत आणि ताल धरणारा तो साथीदार, ही आपली जुनी वाटणी आहे. ‘तबलजी’ ह्या शब्दातली अवहेलना ‘तबलावादक’ हा शब्द रूढ झाल्यावरही पुरती गेलेली नाही.

ह्या समजुतीला वाद न घालता उत्तर देणारी एक ध्वनिमुद्रिका १९८८ साली निघाली. तिचे नाव ‘उस्फ्रेट’ आणि कर्ते त्रिलोक गुर्टू. १९५१ साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक हे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर ह्या स्वतः गायिका व नर्तिका होत्या. अशा घरात तबल्यावर हात बसलेला हा मुलगा पुढे युरोपात गेला, सत्तरच्या दशकात जर्मनीतील ‘एम्ब्रियो’ ह्या रॉक-जॅझ वृंदात वाजवू लागला आणि कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर ‘ओरेगॉन’ ह्या नामांकित वृंदात त्यांच्या जागी आला. इतकी वर्षे इतरांना साथ केल्यावर स्वतःच्या नावाने काढलेली ही त्यांची पहिलीच ध्वनिमुद्रिका होय.

ड्रमवादकाची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणजे आदळआपट, अशी कोणाची अपेक्षा असेल तर तिचा येथे भंग होतो. इतर ड्रमवादक तिवईवर बसून पायाने मोठा ड्रम वाजवतात. त्रिलोक जमिनीलगत, एक गुडघा टेकून वाजवतात आणि तबल्याची बोटे ड्रमच्या काठीला सोबत करतात. घंटा किंवा शंखशिंपल्यांची माळ पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद बदलण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे. लय त्यांच्या हाती केवळ मोजमाप राहत नाही. तिला रंग येतो.

परंतु ह्या ध्वनिमुद्रिकेचा खरा गुण ह्याहून निराळा आहे. डॉन चेरी यांचा ट्रंपेट, राल्फ टाउनर यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन अशी मोठी मंडळी येथे आहेत आणि त्यांच्या जोडीला साठी ओलांडलेल्या शोभाताईंचा आवाज आहे. एका रचनेचे नावच ‘शोभारॉक’ आहे. मुलाने आईला आपल्या संगीतात नुसते मानाचे पान मांडलेले नाही. तिच्या सुराभोवती रचना उभी केली आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्याला सांभाळून घेतले, त्यालाच कोणाला कोठे मोकळे सोडावे हे कळते. साथ ही अशी रचनाकाराची तालीमच असते.

उणिवाही आहेत. त्या दशकातील विद्युत वाद्यांचा ध्वनी आज काहीसा जुना वाटतो. ठुमरीत एकाच शब्दाभोवती भाव फुलवण्यास जो निवांतपणा लागतो, तो येथे मिळत नाही. बैठकीतल्या शोभाताई ज्यांनी ऐकल्या, त्यांना ही हुरहूर लागेल. तरीही ठुमरीची शुद्धता बिघडेल ह्या भयाने त्या दूर राहिल्या नाहीत, ही गोष्ट लहान नव्हे. १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या ह्या गायिकेला मुलाच्या संगीतात गाणे कमीपणाचे वाटले नाही. २००४ साली त्या गेल्या. माय-लेकांची ही साथसंगत मागे राहिली.

आपल्याकडे परंपरेची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत, आणि नव्याचा उत्साह असणारेही कमी नाहीत. दोघे एका बैठकीत बसत नाहीत, हे दुखणे आहे. वसई-विरारच्या एखाद्या चाळीत किंवा सदनिकेत उद्या कोणी मुलगा बाकावर ठेका धरील, तेव्हा त्याला गप्प बसवण्यापूर्वी तो काय वाजवतो आहे एवढे तरी ऐकावे. गळा असेल तर त्याच्या तालावर गावे.